घोरणाऱ्यांचा सुभेदार

सुभेदार दगडूबा कोळपे आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते भांडतच. भांडण माझ्याशी नव्हतं, बायकोशी होतं, आणि ते घरूनच सुरू झालेलं असावं, कारण जिन्यातून मला त्याचा मधलाच तुकडा ऐकू आला.

"अगं, घोरणारा गडी म्हंजी गाढ झोपणारा गडी. आमच्या बराकीत लोक माझ्या घोरण्यावर घड्याळ लावायचे."

"लावत असतील," काकू म्हणाल्या. "पर घड्याळ मधीच बंद पडतंय, त्याचं काय?"

मला काकू तिथंच आवडल्या.

उस्मानपुऱ्यात आमच्या डॉक्टरांचा छातीचा दवाखाना आहे आणि मी तिथली टेक्निशियन. लोकांना नळीत फुंकायला लावायचं आणि ज्यांच्या झोपेत घोटाळा आहे त्यांची तपासणी करायची, हे माझं काम. तोंडाची मी फटकळ आहे असं पेशंट म्हणतात, आणि खोटं नाही ते. दिवसभर "जोरात फुंका, अजून, अजून, सोडू नका" असं ओरडायचं म्हटल्यावर बाईनं गोड कुठून बोलावं?

तर सुभेदार आत येऊन बसले. ठेंगणी मूर्ती, आखूड जाड मान, पिळलेल्या मिशा, बुटांना असं पॉलिश की त्यात छताचा पंखा दिसावा. हातात मात्र धनगरी काठी. अंबडकडच्या एका गावात मेंढरं राखणाऱ्या घरात ते जन्मले. भावानं मेंढरं धरली आणि हे फौजेत पळाले, पण काठी काही सुटली नाही. मी नाव विचारलं, ते खणखणीत आवाजात सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. वय विचारलं तर उत्तर नाही. वर बघते तर सुभेदार बसल्या बसल्या झोपलेले, मान मागं, तोंड उघडं.

"लिहा तुम्ही," काकू म्हणाल्या. "वय मी सांगते."

ह्या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा आतून मिटतो, श्वास अडकतो, जीव गुदमरला की माणूस दचकून अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा घसा मिटतो. रात्रभर हाच खेळ. सकाळी त्याला स्वतःला काहीच आठवत नाही, शेजारी झोपणारीला सगळं आठवतं. म्हणून आमच्याकडं पेशंट स्वतःहून क्वचित येतो, त्याला बायको घेऊन येते. फौजी माणूस तर त्याहून अवघड. त्याला त्रास विचारा, तो "सब ठीक" म्हणूनच सांगणार. तशी शिस्तच असते त्यांना.

सुभेदारांची तपासणी झाली, म्हणजे श्वास नोंदवणारी आमची छोटी डबी छातीला पट्ट्यानं बांधून, बोटाला चिमटा लावून ते एक रात्र घरीच झोपले. दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी त्यांना रात्री नाकावर मास्क लावून हवा सोडणारं मशीन दिलं. ते बघून सुभेदार म्हणाले, "हे घालून मी लढाऊ विमान चालवू का झोपू?" मला वाटलं, हा माणूस मशीन माळ्यावर टाकणार. बरेच जण टाकतात.

हुरड्याचे दिवस होते. थोड्याच दिवसांनी सुभेदार पिशवीभर हुरडा घेऊन जिना चढून आले, आणि धाप न लागता आले. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, फौजेत भरती झाल्यापासून मी रोज सकाळी उठत व्हतो. पर जागा आता झालो."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी फटकळ असले तरी दगड नाही. मी म्हटलं, "बसा, चहा सांगते."

चहा पिता पिताच त्यांनी एक नाव काढलं. रंगनाथ शेळके. त्यांच्याच पलटणीतला नायक, आता निवृत्त, इथंच शहरात राहणारा. क्रांती चौकातून कामगार घेऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सोडायची बस चालवायचा. "बराकीत माझ्या शेजारचा पलंग त्याचाच," सुभेदार म्हणाले. "मी घोरायचो, त्यो माझ्यापेक्षा वर. आज मला कळलं ते काय व्हतं. आणि त्यो गडी भरली बस घेऊन जालना रोडवर धावतोय."

दुसऱ्या दिवशी रंगनाथची बायको मंदाबाई आली. सुभेदारांनीच पाठवली होती. हडकुळी, बोलकी बाई, पण डोळे असे की आठ दिवस लग्नघरात राबून आल्यासारखी. तिनं सांगितलं ते ऐकून माझ्या हातातलं पेन थांबलं. रंगनाथला स्टिअरिंगवर डुलकी लागायची. एकदा सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी बस हलली नाही. तेव्हापासून मंदाबाई रोज सकाळी नवऱ्याबरोबर बसमध्ये बसायची, पुढच्या सीटवर, आणि चिकलठाण्यापर्यंत अखंड बोलत राहायची. डाळीचा भाव, नणंदेचं भांडण, शेजारणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बोलायचं संपलं की दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची. कामगारांना तिच्या माहेरची माणसं नावानिशी पाठ झाली होती. रात्री पुन्हा हिची ड्यूटी, त्याचा श्वास अडकला की त्याला हलवायचं.

"मग तुम्ही झोपता कधी?" मी विचारलं.

"बघू की," ती म्हणाली. "आधी ह्यांचं तर होऊ द्या."

रंगनाथ तपासणीला तयार नव्हता, आणि त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. माजी सैनिकांच्या दवाखान्यात तेव्हा ह्या तपासणीची सोय नव्हती, लांबच्या मोठ्या इस्पितळात जावं लागायचं. तिथं नंबर लावा, रजा काढा, जाऊन राहा, परक्या पलंगावर झोपा. रजा मागितली की मालक कारण विचारणार. ड्रायव्हरनं मला झोप येते म्हणून सांगितलं तर त्याच्या हातात बस कोण देणार? आणि आमच्यासारख्याकडं पदरचे घालून तपासून घ्यायला त्याचा हात वळत नव्हता. सुभेदारांनी समजावलं, दरडावलं, जुन्या मोहिमांच्या शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा सुभेदारांनी ठरवलं की डोंगर येत नसेल तर आपणच डोंगराच्या दारात जायचं. म्हणजे आमची ती छोटी डबी फौजी माणसाच्या घरी जायला पाहिजे, आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यानं ती मानायला पाहिजे.

तोवर त्यांचा घोरण्याविरुद्धचा प्रचार चालूच होता. "घोरणं म्हंजी झोप नाय, झोपेची बोंबाबोंब हाये," हे वाक्य त्यांनी भाजी मंडईपासून देवळापर्यंत सगळीकडं टाकलं. मशीन तर ते जिथं जातील तिथं नेत. पुतण्याच्या लग्नाला गेले, पैठणकडं, तेव्हा कार्यालयाच्या हॉलमध्ये सगळं वऱ्हाड गाद्या टाकून लोळलेलं, आणि हे मधोमध मास्क लावून आडवे झाले. मुलीकडची एक म्हातारी पाणी प्यायला उठली, तिनं हे बघितलं, आणि तिला वाटलं नवरदेवाच्या चुलत्याला ऑक्सिजन लावलाय. झालं. पहाटेपर्यंत मुलीकडचं एकेक माणूस येऊन, पायाशी उभं राहून, हात जोडून गेलं. मुलीच्या बापानं भटजींना विचारूनही घेतलं की काही बरंवाईट झालं तर मुहूर्ताचं कसं करायचं. सुभेदार सगळ्यांच्या आधी उठले, गार पाण्यानं आंघोळ केली, फेटा बांधला आणि रडवेल्या व्याह्याला म्हणाले, "काय हो पाव्हणं, तोंड कामून उतरलं? रात्री झोप नाय झाली का? घोरता का तुम्ही?"

त्या लग्नातून आम्हाला तीन पेशंट मिळाले. एक त्यातला भटजी.

मग एका सकाळी सुभेदारांनी मला माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेलं. "तुम्ही फक्त उभ्या ऱ्हावा. बोलू नका," असं मला वाटेतच बजावलं. मला न बोलायला सांगणं सोपं नसतं, पण मी कबूल केलं. तिथले प्रमुख एक निवृत्त कर्नलसाहेब होते. माणूस भला, पण नियमाचा. सुभेदारांनी मागं दोनदा अर्ज दिला होता आणि दोनदा "तशी तरतूद नाही" हे उत्तर घेऊन ते आले होते. ह्या वेळी हातात कागद नव्हता. सरळ केबिनमध्ये गेले, टाचा जुळवल्या.

"साहेब, एक विनंती हाये. पाच मिनिटं भाइर येऊन नुसतं बघावं."

कर्नलसाहेब बाहेर आले. डॉक्टर यायला वेळ होता, बाकं भरलेली होती. आणि त्या बाकांवर सगळी पलटण झोपलेली. कुणाची मान मागं भिंतीला, कुणाची शेजाऱ्याच्या खांद्यावर, कुणी काठीवर हनुवटी टेकवून. घोरण्याचा असा गजर लागला होता की नाव पुकारणारी मुलगी एकेक नाव दोनदा ओरडत होती. मधेच एकाचा आवाज एकदम बंद पडला. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत राहिलो. तो काही श्वास घेईना. मग हिसका बसून त्यानं असा श्वास ओढला की शेजारचा जागा झाला.

सुभेदारांनी काठीनं हलकेच एकेकाकडं बोट केल्यासारखं केलं. "ह्यो साहेब, बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असतो. ह्याला बीपीच्या तीन गोळ्या चालू हायेत. आणि तिकडं खिडकीपाशी रंगनाथ शेळके. गुडघ्याची गोळी न्यायला आलाय. रोज भरली बस चालवतो, आणि बायको शेजारी बसून त्याला जागं ठेवते."

कर्नलसाहेब रंगनाथकडं बघत राहिले. रंगनाथ तोंड उघडं टाकून झोपला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? साहेबांनी केबिनमध्ये जाऊन फोन उचलला. पुढं थोडी लिखापढी झाली, पण महिन्याभरात ठरलं की आमची डबी घरी नेऊन केलेली तपासणी चालेल, आणि दुखणं निघालं तर मशीनही दवाखाना देईल. खर्च नाही, रजा नाही, मालकाला सांगायला नको. डबी पोहोचवायला आमच्याकडं माणूस नव्हता. "मी काय मेलोय का?" सुभेदार म्हणाले. डबीची पिशवी छातीवर आडवी अडकवून ते स्कूटरवरून शहरभर हिंडायला लागले. संध्याकाळी पोहोचवायची, सकाळी परत. पुढं कर्नलसाहेबांची बायकोही साहेबांना घेऊन आमचा जिना चढली, पण ते जाऊ द्या.

पहिली डबी अर्थातच रंगनाथची. आता त्याच्याकडं नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. सुभेदार ती घेऊन त्याच्या घरी गेले, पट्टा कसा, चिमटा कसा ते दाखवलं आणि परत आले. सकाळी डबी माझ्याकडं आली. मी कॉम्प्युटरला लावली आणि चक्रावले. श्वास अगदी सुरळीत. एकदाही अडकला नाही. हे कसं शक्य आहे? दुसऱ्यांदा पाठवली, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, "दुखणं नसेल मग." सुभेदारांचा चेहरा पडला. ह्या कागदावर दवाखाना मशीन देणार नव्हता, आणि रंगनाथला तर हत्तीचं बळ आलं. "बघा, मला काय बी झालेलं नाय," असं तो मंदाबाईला सुनवायला लागला. त्याच सकाळी बस दुभाजकाला घासली.

मंदाबाई तशीच आमच्याकडं आली. मी तिला पाणी दिलं. सुभेदार तिथंच बसलेले होते.

"वहिनी, त्या दोन्ही राती त्यो नीट झोपला व्हता का?" त्यांनी विचारलं.

"झोपतात कशाचे," मंदाबाई म्हणाली. "दोन्ही राती टक्क जागे. भिंतीला टेकून बसले, मांडीवर ती डबी. मी म्हटलं आडवं व्हा, तर म्हणले, साहेबानं सांगितलंय सरकारी वस्तू हाये, तुझ्या ताब्यात हाये, इकडची तिकडं होता कामा नये. मग झोपायचं कसं?"

सुभेदारांनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या तोंडाला आग लागो," ते म्हणाले. "मीच म्हणलो व्हतो." पलटणीच्या सवयीनं, पलटणीच्या आवाजात त्यांनी त्याला डबी सोपवली होती, आणि रंगनाथनं पलटणीच्या सवयीनं ती राखली होती. माझं हसू आवरेना, आणि मंदाबाईला हसावं का रडावं कळेना.

मी म्हटलं, "मग आता जाऊन सांगा त्याला, झोप म्हणून."

"सांगून नाय व्हायचं, ताई," सुभेदार म्हणाले. "सोपवलेला पहारा असा नाय सुटत. बदली यावी लागते."

पुढचं मला मंदाबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. सुभेदार संध्याकाळी त्यांच्या घरी गेले ते ठेवणीतला कोट घालून, छातीवर पदकं लावून. दारात ताठ उभे राहिले. "नायक रंगनाथ शेळके, तुझी ड्यूटी बदली. वस्तू आता माझ्या ताब्यात." रंगनाथ लुंगीवर होता. तसाच उठला, सलाम ठोकला, पट्टा बांधून घेतला, आणि पाठ टेकल्या टेकल्या झोपला.

"मग काय, झोप लागली ना तुम्हालाही?" मी विचारलं.

"कुठली हो," मंदाबाई म्हणाली. "सुभेदार भाऊजी भाइरच्या खोलीत खुर्चीत बसले पहाऱ्याला. त्यांचं मशीन राहिलं घरी. घटकाभरात ते बी झोपले. आत एक घोरतोय, भाइर एक घोरतोय, मधी मी. सकाळी शेजारीण विचारते, रात्री गिरणी चालू व्हती का?"

डबीतला कागद निघाला तेव्हा डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मंदाबाई रोज रात्री काय बघत होती ते सगळं त्यात होतं. मशीन आठवड्यात मिळालं. तेव्हापासून सुभेदारांनी रीतच पाडली. डबी द्यायची ती माणसाच्या हातात नाही, बायकोच्या हातात, आणि सगळ्यांसमोर खड्या आवाजात सांगायचं, "पहारा वहिनीचा. जवान आराम करेल." काही म्हाताऱ्यांचे कागद ह्या एका वाक्यानं खरे निघाले.

रंगनाथ बदलला. चेहऱ्यावरची सूज उतरली, बोलायला लागला, गाडी चालवताना जुनी गाणी म्हणायला लागला. पण मंदाबाई बसमधून उतरायला तयार नाही. रोज सकाळी पुढच्या सीटवर हजर, बोलणं चालू. रंगनाथ वैतागून म्हणायचा, "अगं, मी जागा हाये." सुभेदारांनीही समजावलं, "वहिनी, आता घरी बसा. मशीन लावून निघालेला नवा कागद बघितला ना?"

"कागदावर माझा इश्वास हाये, भाऊजी," ती म्हणायची. "पर जीव ऐकत नाय."



पुढच्या हिवाळ्यात सुभेदारांनी गावी जायचं ठरवलं. भाऊ थकला होता, मेंढरांकडं बघायला घरचं माणूस हवं होतं. "माळावर लाइट नसली तर?" मी विचारलं. त्यांनी मला मशीनला जोडायची बॅटरी दाखवली, आणि वर म्हणाले, त्या बाजूला कितीतरी फौजी घोरत पडलेत, त्यांच्याकडं कोण बघणार? डबी पोहोचवायचं काम त्यांनी बँकेच्या दारावरच्या त्या बंदूकवाल्याला शिकवून ठेवलं होतं. तोही आता चांगला तरतरीत झाला होता. काकू आधीच गावी गेल्या होत्या. सुभेदार रंगनाथच्या बसमधून चिकलठाण्यापर्यंत जाणार आणि पुढं एसटी पकडणार होते.

मास्कची नवीन नळी मी त्यांच्यासाठी मागवून ठेवली होती, ती घेऊन सकाळी क्रांती चौकात जाऊन उभी राहिले. मनात बरंच काही ठरवून गेले होते. ह्या माणसानं मला काय काय दिलं ते एकदा तोंडावर सांगायचं होतं, आणि वरून, हुरडा पाठवत जा म्हणून दमही द्यायचा होता. बस आली. कामगार चढायला लागले. पुढच्या खिडकीत सुभेदारांची मिशी दिसली, तशी मी तोंड उघडलं.

त्यांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनं समोर खूण केली. मी टाचा उंचावून बघितलं. पुढच्या सीटवर मंदाबाई झोपली होती. डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, पदर तोंडावर आलेला, पिशवी मांडीवरून घसरत चाललेली. आजूबाजूला रिक्षांचा, बसचा, हॉर्नचा एवढा कल्ला, पण तिला कशाचाच पत्ता नव्हता. रंगनाथ स्टिअरिंग धरून ताठ बसला होता, डोळे रस्त्यावर, आणि त्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चढणारे कामगार चपला हातात घेऊन चालावं तसे हळूच आत सरकत होते. सुभेदारांची काठी त्यांच्याकडं रोखलेलीच होती.

मी नळी खिडकीतून दिली. त्यांनी ती घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी एक शब्द बोलले नाही. रंगनाथनं गिअर असा टाकला की आवाज होऊ नये, आणि बस हळूच जालना रोडला लागली.